भिंतीवरचे चित्र

दिवाळीपूर्वी रंगारी आला आणि भिंतीपाशी थबकला. धाकट्याने कोळशाने माझे चित्र काढले होते: हातात छडी, डोळे वटारलेले. “पुसा,” सौ. म्हणाली. मला मात्र लॉस एंजेलिसची एक भिंत आठवली.

ते शहर १७८१ साली वसवले मेक्सिकोकडून आलेल्या ११ कुटुंबांनी. त्या वारशाची हौस म्हणून १९३० साली तिथे ओल्व्हेरा स्ट्रीटचा बाजार सजला. १९३२ साली सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला तिथली भिंत रंगवायला दिली. अपेक्षा होती रम्य देखाव्याची. त्याने रंगवला क्रुसावर टांगलेला मूळनिवासी आणि त्याच्या डोक्यावर गरुड! लवकरच चित्रावर पांढरा हात फिरला. त्याच वर्षांत असंख्य मेक्सिकन कुटुंबांची मायदेशी बोळवण चालली होती.

आता दरसाल १५ सप्टेंबरपासून महिनाभर अमेरिका हिस्पॅनिक वारशाचा उत्सव करते. या शहरातही नाचगाणी रंगतात. पण मला विशेष वाटते ते हे, की २०१२ साली शहराने ते फिकटलेले चित्रही लोकांना खुले केले. गोडधोडाचे कौतुक सोपे असते. आपला वटारलेला डोळा पाहणे अवघड.

रंगाऱ्याला म्हटले, “तेवढे राहू द्या.”

पाहुणे हसतात. छडी मात्र मी माळ्यावर टाकली आहे.