मजेला दाखला कशाला?

दर ऑगस्टमध्ये फोनवर त्या रील्स येतात. अलाबामातलं मोठे पांढरे खांब असलेलं घर. दार उघडतं आणि आत एकीवर एक रचल्यासारख्या शंभरेक मुली टाळ्या वाजवत, एका सुरात ओरडत गात असतात. बाहेर उन्हात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींची रांग. खाली कमेंट्समध्ये आपली मराठी मंडळीही हजर असतात: ‘यासाठी कॉलेजला जातात का?’, ‘आईबापाचा पैसा’, ‘रिकामटेकड्या’.

हा प्रकार म्हणजे सोरॉरिटी, अमेरिकन कॉलेजातली मुलींची संघटना. देशभर पसरलेली एक मूळ संस्था असते आणि तिची प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. आधी ‘रश’, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या भेटीगाठी. मग आतल्या मुलींचं मतदान, मग निमंत्रण, आणि पुढची तीन-चार वर्षं एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणायचं. यावर टीका करायला जागा भरपूर आहे आणि मी ती करणार आहे. पण ‘रिकामटेकड्या’ ही टीका मला मान्य नाही. माझं भांडण नेमकं उलट आहे. या संस्थांना आपल्या रिकामटेकडेपणाची लाज वाटते, आणि त्या लाजेची किंमत मुली मोजतात.

कुठल्याही चॅप्टरची वेबसाइट उघडून बघा. फोटोंमध्ये हसणं-खिदळणं, मजकूर मात्र वार्षिक अहवालाचा. सरासरी जीपीए किती, कुठल्या धर्मादाय कामाला किती डॉलर दिले, सेवेचे तास किती, लीडरशिप, करिअर, नेटवर्क. ‘आम्ही इथे हसून हसून गडाबडा लोळलो, आणखी काही केलं नाही’ असं वाक्य मला अजून एकाही वेबसाइटवर सापडलेलं नाही. टीका करणारा म्हणतो, तुम्ही नुसती मजा करता. त्या म्हणतात, नाही हो, आम्ही कामही करतो. म्हणजे मजा हा गुन्हा आहे, हे दोन्ही बाजूंना मान्यच.

सुरुवात कशी झाली होती ते बघा. १८६७ साली इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजातल्या बारा मुलींनी, त्यांच्यापैकी दोघी जिथे भाड्याने राहायच्या त्या खोलीत बसून, एक गुप्त संस्था काढली. तीच पुढे ‘पाय बीटा फाय’ झाली. तीन वर्षांनी इंडियानात ‘कॅपा अल्फा थीटा’ निघाली. तिच्या संस्थापक बेटी लॉकची एक गोष्ट त्या संस्थेत अजून सांगतात. मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने तिला आपला बॅज वापरायला देऊ केला. बॅज मिळेल, सभासदत्व मिळणार नाही. तिने तो नाकारला आणि मैत्रिणींना घेऊन स्वतःची संस्था काढली. ‘सोरॉरिटी’ हा शब्द तर आणखी उशिराचा, १८८२चा. सिरॅक्यूजच्या लॅटिनच्या एका प्राध्यापकाने तो सुचवला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली कृष्णवर्णीय मुलींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ काढली. कमला हॅरिस त्याच संस्थेतल्या. भारतीय वंशाच्या मुली यात आल्या त्या फार नंतर. १९९८ या एकाच वर्षात ऑस्टिन, ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरॉरिटी निघाल्या.

या सगळ्यांना हवी होती एक खोली. जिथे प्राध्यापक नाही, वॉर्डन नाही, आई नाही, आणि छाप पाडायला मुलगाही नाही.

माझ्या टीममधली एक मुलगी अशाच एका दक्षिण आशियाई चॅप्टरमध्ये होती. आईबाप नाशिकचे, वाढली टेक्ससमध्ये. अशा चॅप्टर्सकडे सहसा खांबांची घरं नसतात. यांचं सगळं एका भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चालायचं. तिच्या रेझ्युमेवर अजून आहे: ‘उपाध्यक्ष, समाजसेवा विभाग’. आठवणी काढायला बसली की मात्र समाजसेवेचं नाव निघत नाही. निघतं ते हे: परीक्षेच्या आदल्या रात्री सहा जणी जमिनीवर पालथ्या पडून एकीच्या एक्सला पाठवायचा मेसेज ड्राफ्ट करतायत, चौदा वेळा, आणि शेवटी कोणी पाठवतच नाही. एकच काळा ड्रेस सेमिस्टरभर चौघींच्या अंगावर फिरतोय. रात्री दोन वाजता कोणीतरी वरणभात लावतंय आणि कुकरच्या शिट्टीने खालचा शेजारी भांडायला वर येतोय. ती सांगते, घरी मी शहाणी मुलगी होते, कॉलेजात हुशार मुलगी होते. त्या हॉलमध्ये मी कोणीच नव्हते आणि तेच बरं होतं. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्याआधी हॉस्पिटलात जाऊन बसल्या त्या याच. हे नाव ‘नेटवर्क’च्या रकान्यात बसत नाही.

आणि रकाने आहेतच. अनेक चॅप्टर्समध्ये पॉइंट सिस्टीम असते. मीटिंगला आलात तर इतके गुण, मूव्ही नाइटला इतके, कमी पडले तर दंड किंवा पार्टीला बंदी. मी सॉफ्टवेअरवाली आहे, मोजणीवर माझं पोट चालतं, म्हणून छातीठोकपणे सांगते: मैत्रीला डॅशबोर्ड लावला की मुली मैत्रिणीला भेटायला जात नाहीत, हजेरी लावायला जातात. ज्या दिवशी कोणाला एकटं पडून राहायचंय त्या दिवशी तिला ‘सिस्टरहुड इव्हेंट’ला ओढून नेणं हा मजेचा अपमान आहे.

आता हे वाचून ‘अमेरिकेतली थेरं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना विचारते, आपल्याकडे काय वेगळं आहे? भोंडला आठवा. पाटावर हत्ती, भोवती फेर, सासरच्यांची यथेच्छ टिंगल, आणि खिरापत ओळखण्याचा गोंधळ. मंगळागौर आठवा. रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. एवढ्या बायका एकत्र येऊन एवढा दंगा करणार, तर त्यासाठी आधी नवरात्र लागतं, श्रावण लागतो, गौर लागते. फुगडीलासुद्धा देवीची सही. नुसतं ‘आज दंगा करू या’ म्हणून चार जावा अंगणात जमल्या असत्या तर काय ऐकावं लागलं असतं ते सांगायला नको.

माझ्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर रात्री साडेआठला गेट बंद व्हायचं. उशिराच्या पाससाठी रजिस्टरमध्ये ‘कारण’ असा रकाना होता. लायब्ररी चालायची, नातेवाईक चालायचे, दवाखाना चालायचा. ‘टपरीवर बसायचंय’ चालत नसे. मुलांच्या हॉस्टेलला रजिस्टरच नव्हतं. पुढे नोकरीत ऑफिसच्या महिला गटाने बोलिंगला जायचं ठरवलं, तर बजेटच्या फॉर्ममध्ये ‘यातून काय शिकायला मिळेल’ हा प्रश्न. पोरांच्या दर शुक्रवारच्या टर्फ क्रिकेटला असा फॉर्म कोणी भरलेला मी पाहिलेला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’मध्ये २०११ सालीच मुंबईबद्दल हे मांडलंय: बाई बाहेर दिसली की तिच्याकडे काहीतरी काम असल्याचं दिसावं लागतं. सोरॉरिटीच्या सेवेच्या तासांचा हिशोब मला त्याच रजिस्टरचं इंग्रजी पान वाटतो.

तर मग टीका कशावर करायची? पहिली, पैशावर. मोठ्या विद्यापीठांत सेमिस्टरला हजारो डॉलर फी असते. मैत्रीचं दार तिथेच निम्म्या मुलींना बंद होतं. दुसरी, दार कोण उघडतं यावर. सप्टेंबर २०१३मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलांच्याच ‘द क्रिमसन व्हाइट’ या वर्तमानपत्राने छापलं, की एका अत्यंत हुशार कृष्णवर्णीय मुलीला तिथल्या पारंपरिक गोऱ्या सोरॉरिटींनी नाकारलं होतं. आतल्या काही मुलींना ती हवी होती. माजी सभासद बायकांनी मध्ये पडून अडवलं, असं त्या मुलींनीच पुढे येऊन सांगितलं. त्यानंतर निदर्शनं झाली आणि विद्यापीठाला प्रवेश पुन्हा खुले करावे लागले. एकोणीस वर्षांच्या मुलींनी कोणाशी मैत्री करावी हे कॉलेज सोडून वीस वर्षं झालेल्या बायकांनी ठरवायचं, याला मी सासुरवास म्हणते. खुशाल तोडा तो. रीलमधल्या टाळ्यांना मात्र हात लावू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही २६ मोठ्या सोरॉरिटींची शिखर संघटना. या सोरॉरिटींच्या घरांत दारूला बंदी असते. विम्याचा खर्च, संस्थेची अब्रू, ही कारणं. मला दारूचं कौतुक नाही. पण मुली पार्ट्या करायच्या थांबल्या का? नाही. पार्ट्या मुलांच्या फ्रॅटर्निटीत होतात. म्हणजे दार त्यांचं, पेला भरणारा हात त्यांचा, गाणी त्यांची, वरच्या खोल्या त्यांच्या. ती बारा जणींची खोली शेवटी फक्त मीटिंगपुरती उरली, आणि दंगा करायला मुली परक्या घरी जातात. तिथे काही वाईट घडलं की पहिला प्रश्न हाच, की ती तिथे गेलीच कशाला. मजा आपल्या घरात नको, कारण घराची अब्रू. यात आपल्याला ओळखीचं वाटण्यासारखं पुष्कळ आहे.

याला उत्तर आहे आणि ते जुनं आहे. डार्टमथ कॉलेजातली ‘सिग्मा डेल्टा’ १९८८मध्ये आपल्या राष्ट्रीय संस्थेतून बाहेर पडली आणि स्वतंत्र झाली. ती आपल्या घरात आपल्या पार्ट्या करते. दारावर मुली, बारमागे मुली. कोणी त्रास देऊ लागला तर त्याला बाहेर काढणं त्यांच्याच हातात.

बाकीच्या म्हणतात, विम्याचा हप्ता परवडणार नाही. दर रशला फुग्यांच्या कमानी, एकसारखे टी-शर्ट, दारावरची फुलं यावर होणारा खर्च रील्समध्ये सगळ्यांनी पाहिलाय. यंदा कमानी अर्ध्या करा, तो पैसा हप्त्यात टाका, आणि दारावर आपल्यातल्याच दोघी उभ्या करा.