वाफेचे दुसरे काम

आपल्या ग्वाल्हेरनजीक डबऱ्यास एके काळी साखर कारखाना होता. साखरेच्या धंद्यात जळण उसातूनच मिळते. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड उरते. ते बॉयलरखाली जाते. उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज निर्माण करते आणि दाब ओसरल्यावर तीच वाफ रस आटविते. हीच सहवीजनिर्मिती. महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखाने आज अशी वीज विकतात.

परंतु या विषयाची चर्चा बहुधा मोठ्या बॉयलरपाशीच थांबते, हे मला पटत नाही. चिपाडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. पुष्कळशी उष्णता ते पाणी उडविण्यातच खर्च होते, आणि तप्त वायू मात्र धुराड्यावाटे आकाशात! त्याच वायूने चिपाड आधी का वाळवू नये?

रस आटविण्याचेही तसेच. एका पात्रातील रसाच्या वाफेने पुढील, कमी दाबाच्या पात्रातील रस आटवावा, ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्याने १८४३ साली अमेरिकेत पेटंट केली. गुलामगिरीच्या त्या काळात हा अभियंता कृष्णवर्णीय मातेचा पुत्र होता, हे विशेष. अशी पात्रे वाढविली तर वाफ कमी लागते व चिपाड शिल्लक राहते.

यंत्रे महाग आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा, हा आक्षेप खरा आहे. पण शिल्लक चिपाड हंगामानंतरही जाळता येते. आणि विहिरीवरील पंपाला विजेची खरी निकड असते, ती उन्हाळ्यातच.