विश्लेषण : ओपन सोर्स पॅकेजमध्ये घातक कोड सापडला, तर काय करायचे?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून यूपीआयने पैसे देताना आपण बँकेच्या अ‍ॅपवर विश्वास ठेवतो. मात्र कोणतेही अ‍ॅप सगळे एकाच कंपनीने लिहिलेले नसते. त्यात मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येणारी अनेक तयार पॅकेज जोडलेली असतात. त्यातल्या एकातच चोर शिरला तर?

नेमके काय घडले?

‘एनपीएम’ हे जावास्क्रिप्ट पॅकेजचे सर्वांत मोठे भांडार. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील ‘चॉक’, ‘डीबग’सह १८ पॅकेजमध्ये घातक कोड घुसवण्यात आला. ही पॅकेज आठवड्याला एकत्रितपणे दोन अब्जांहून अधिक वेळा डाऊनलोड होतात. ती सांभाळणाऱ्या अभियंत्याला बनावट ईमेल पाठवून खात्याचा ताबा मिळवला गेला. आभासी चलनाचे पैसे चोराच्या खात्याकडे वळवणे, हा त्या कोडचा हेतू होता. आठवडाभरातच ‘शाई-हुलूद’ ही स्वतःहून पसरणारी कीड आली. तिने अभियंत्यांच्या संगणकांवरील पासवर्ड आणि क्लाऊडच्या ‘की’ चोरल्या. ५०० हून अधिक पॅकेज बाधित झाली. नोव्हेंबरमध्ये तिची दुसरी लाट आली.

पॅकेज काढून टाकले की झाले?

नाही. घराची किल्ली चोरीला गेल्यावर चोर पकडला तरी कुलूप बदलावे लागते, तसेच हे. आधी नवी पॅकेज घेणे थांबवायचे आणि बाधित संगणक नेटवर्कपासून तोडायचा. मग दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून सर्व पासवर्ड, टोकन आणि ‘की’ बदलायच्या. त्यानंतर पॅकेजची खात्रीची जुनी आवृत्ती पक्की करून सॉफ्टवेअर नव्याने बांधायचे. नवी आवृत्ती येताच न घेता काही दिवस थांबणेही उपयोगी ठरते, कारण ‘चॉक’मधील घातक कोड काही तासांतच उघड झाला होता.

मुंबईचा अनुभव काय?

जुलै २०२४ मध्ये ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. तो पॅकेजमधून झालेला हल्ला नव्हता, पण धडा तोच होता : पुरवठादार एक, फटका अनेकांना. मुंबईतील ‘एनपीसीआय’ने कंपनीला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते वेगळे केले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले, पण संसर्ग पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

नियम काय सांगतात?

‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक आहेत याची यादी, म्हणजे ‘एसबॉम’, ठेवण्याबाबत ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. ‘सेबी’च्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीतही ही यादी आहे. यादी हाताशी असेल तर ‘हे पॅकेज आपल्याकडे आहे का?’ याचे उत्तर काही मिनिटांत मिळते. नसेल तर सहा तास शोधण्यातच जातात.

मग ओपन सोर्स टाळावे का?

ते शक्य नाही आणि गरजेचेही नाही. कोड खुला असल्यानेच मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साधनातील चोरवाट एका अभियंत्याला सापडली. लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्याला संशय आला होता. खरी अडचण अशी, की कोट्यवधींचे व्यवहार ज्या कोडवर चालतात, तो अनेकदा एखादाच स्वयंसेवक बिनमोबदला सांभाळतो. फुकट मिळालेल्या कोडच्या देखभालीचा खर्च तो वापरणाऱ्या कंपन्यांनी उचलला नाही, तर पुढच्या बनावट ईमेललाही असाच कुणीतरी एकटा बळी पडेल.