मुलांना आरशापुढून मैदानावर आणा

आमच्या शाळेच्या कबड्डी संघात नववीतली एक मुलगी लेफ्ट कॉर्नरला खेळते. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हाती लागला की सुटत नाही. सगळा जोर मांड्या-पोटऱ्यांतला. घरच्या रानातल्या कामातून आणि सकाळच्या प्रॅक्टिसमधून कमावलेला. यंदा तालुक्याच्या सामन्यांआधी ती म्हणाली, "मॅडम, हाफ पँट नको. ट्रॅक पँटवर खेळले तर चालेल का?" कारण सांगायला तिने बरेच दिवस घेतले. मोबाइलवर तिला जिमवाल्या एका बाईच्या रील्स येतात. ती बाई पाय जुळवून उभी राहिली की मांड्यांच्या मधून उजेड दिसतो. "माझ्या चिकटतात," एवढंच बोलून पोर खाली बघत राहिली. रात्रीची भाकरी तिने सोडली होती. आईला सांगायची, शाळेतच जास्त खाल्लं.

ज्या मांड्यांच्या जोरावर ती सामने जिंकून देते, त्यांचीच तिला लाज वाटते. ही लाज तिच्या मनात पेरली गेली आहे आणि त्या लाजेवर कुणीतरी पैसा कमावतं आहे. क्रीडाशिक्षिका म्हणून मला हे जाहीरपणे सांगायचं आहे.

मी कराड तालुक्यात शिकवते. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून जवळच. शरीर कमावणं आमच्या भागाला नवं नाही. पण तालमीत वस्ताद पोराची मान बघतो, दम किती टिकतो ते बघतो, डावातून पाय किती चपळाईने निघतो ते बघतो. पोटावरचे कप्पे तिथे कुणी मोजत नाही. चांगल्या पैलवानालाही पोट असतं आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

'ओम शांती ओम' २००७ साली आला, 'गजनी' २००८ साली. तेव्हापासून उघड्या अंगाचा, सिक्स पॅकवाला हिरो गावागावांतल्या सलूनच्या भिंतीवर आला. तरी ते चित्र भिंतीवर होतं. बघून माणूस पुढे जायचा. आता मुलाने अशी एक रील शेवटपर्यंत बघितली की तशाच आणखी येत राहतात, रात्री अंथरुणात, पांघरुणाखाली.

मुलींचं दुखणं निदान आपल्या कानावर येतं. मुलांचं येत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. दहावीतला एक मुलगा सकाळच्या सरावात दुसऱ्या फेरीलाच डोळे फिरून खाली बसला. ओठ कोरडे, हाताला घाम नाही. सावलीत नेऊन मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, तेव्हा जरा बोलता झाला. आदल्या दुपारपासून त्याने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्या दिवशी एका मित्राचा वाढदिवस होता, शर्ट काढून फोटो काढायचे ठरले होते आणि पाणी सोडलं की 'कट्स' दिसतात, असं एका रीलमध्ये सांगितलं होतं. वय पंधरा. दप्तरात पाण्याची बाटली भरलेली होती. आईने सकाळी भरून दिलेली.

रील खोटी नव्हती, हेच भयंकर आहे. पडद्यावरची शरीरं खरोखर अशीच तयार होतात. 'द विचर' या मालिकेतल्या उघड्या अंगाच्या दृश्यांसाठी आपण तीन दिवस पाणी तोडत जातो, असं हेन्री कॅव्हिलने मुलाखतीत सांगितलं आहे. 'बेवॉच'साठी शरीर बनवलेल्या झॅक एफ्रॉनने नंतर कबूल केलं, की त्या काळात तो शरीरातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या घेत होता आणि पुढे नैराश्यात गेला. 'लिव्हर किंग' नावाने कच्चं मांस खाऊन शरीर बनवल्याचं सांगणारा ब्रायन जॉन्सन डिसेंबर २०२२ मध्ये स्टेरॉइड घेत असल्याचं मान्य करून बसला. म्हणजे काही तासांच्या शूटिंगपुरतं ताणून आणलेलं किंवा औषधांनी फुगवलेलं शरीर आमच्या मुलांना बारमाही शरीर म्हणून दाखवलं जातं.

आमची मुलं तर अजून वाढीच्या वयात आहेत. चौदाव्या वर्षी एकाचा आवाज फुटलेला असतो आणि शेजारच्याला मिसरूडही नसतं. ज्याची वाढ उशिरा होते त्याने कितीही डंबेल मारले तरी दंड भरणार नाहीत. शरीर तयार झालं की ते आपसूक भरतात. मुलींच्या कमरेवर-मांड्यांवर या वयात चरबी येतेच, निसर्गाचा तो नियम आहे. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते. पण वर्ग सुटला की मोबाइल आहेच.

फिजी बेटांवरचा अनुभव मला आपल्या फार जवळचा वाटतो. तिथे अंगापिंडाने भरलेली बाई चांगल्या घरची, निरोगी समजली जाई; आपल्याकडेही 'भरल्या अंगाची' हे कौतुकच होतं. तिथल्या नद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. सुरुवातीला वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी अशा ११ टक्क्यांहून जास्त निघाल्या. तोही नुसता टीव्ही होता. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं फुटली, त्यांत कंपनीच्याच संशोधकांची नोंद होती: शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं. कंपनीला हे माहीत होतं.

रील्समधल्या या शरीरांमुळे निदान पोरं व्यायामाला तरी लागतात, असं पालक मला म्हणतात. जी खरोखर लागतात त्यांचं मला कौतुकच आहे. पण दंड महिन्याभरात भरत नाहीत, मग पोरगं दुकानात जातं. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा छापलेला होता. त्याच्याही पुढचं पाऊल म्हणजे इंजेक्शन. मेफेन्टरमाइन हे भुलीच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. जिममधल्या तरुणांना त्याची बेकायदा विक्री करणारे लोक पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी पकडले आहेत. हृदयावर थेट ताण आणणारं औषध पोरं दोन सेट जास्त मारता यावेत म्हणून टोचून घेतात.

नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतल्या शरीराच्या फोटोत फेरफार केला असेल तर तसं छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही असा कायदा हवा, आणि तो रील्सनाही लागू हवा. पण कायद्याची वाट बघत बसायची गरज नाही. जिमवाल्यांनी सोळाच्या आतल्या मुलाला आईवडिलांना भेटल्याशिवाय घेऊ नये आणि पावडरचा डबा तर अजिबात विकू नये. शाळांनी आरोग्य तपासणीत वर्गासमोर वजन मोठ्याने वाचणं आजपासून बंद करावं. घरच्यांनी 'ढोली', 'काडी पैलवान' असल्या हाका थांबवाव्यात. रीलचं विष शिरायला जखम आधी तिथे होते.

दहावीच्या वेळापत्रकात पीटीचा तास कागदावर असतो, प्रत्यक्षात तो गणिताला जातो. मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, तो तास आम्हाला परत द्या. पळताना, पकड करताना, दोरीच्या मल्लखांबावर चढताना मुलांना आपलं शरीर काय काय करू शकतं ते कळतं, आणि ते कळायला दुसरी जागा नाही. आणि पालकांनो, तुमच्या मुलाने अचानक जेवण तोडलं, पाणी तोडलं, खेळायला जायचं बंद केलं किंवा उन्हाळ्यातही अंगभर कपडे घालायला लागला, तर रागावू नका. आधी शाळेत येऊन आमच्याशी बोला आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.