पाहुण्यांची तीन बाय पाच

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या नव्या फ्लॅटांच्या नकाशात हल्ली ‘पावडर रूम’ असं लिहिलेलं दिसतं. आजीला सांगून बघा, ती म्हणेल, तोंडाला पावडर लावायला वेगळी खोली कशाला? खरं तर हे पांघरूण घालायचं नाव. ‘जरा पावडर लावून येते’ म्हणत इंग्रज बायका उठायच्या, आणि आपली माणसं ‘परसाकडे’ जायची. दिवाणखान्याला लागून पाहुण्यांसाठी कमोड आणि बेसिन, अंघोळीची सोय नाही, एवढीच ती खोली. साधारण ३ बाय ५ फूट. जिन्याखालीही मावते.

मला ही खोली आवडते. पाहुण्याला घरातल्यांच्या बेडरूममधून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जावं लागत नाही. माझी तक्रार आहे ती तिच्यातल्या थाटाबद्दल. इटालियन मार्बल, सोनेरी नळ, आणि बेसिन म्हणून चक्क पितळी घंगाळ! (आजोळचं घंगाळ मोडीत काढायचं आणि तसलंच नवं शोरूममधून आणायचं, ही आपली तऱ्हा.) एवढं करून दार आत उघडतं आणि कमोडला आपटतं.

एवढ्याशा जागेत थाट कशात असतो, ते सांगते. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं. आत कुणाला चक्कर आली, तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं. कमोड भिंतीवर टांगलेला आणि टाकी भिंतीत घेतली की खालची फरशी मोकळी राहते, पुसायलाही सोपी. फक्त टाकीच्या दुरुस्तीसाठी झाकण ठेवायला विसरू नका, नाहीतर उद्या टाइल्स फोडाव्या लागतील. बेसिन कोपऱ्यातलं, आरसा मात्र भिंतभर. दिवा डोक्यावर एकच लावला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि चांगला माणूस आजारी दिसतो, म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना पिवळसर उजेड. लहान खोलीला पांढराच रंग हवा, हे मला पटत नाही. गडद निळी किंवा हिरवी भिंत इथं शोभते, कारण माणूस दोन-चार मिनिटंच थांबतो. जमिनीला घोटलेली शहाबादी पुरे, पण घसरणारी नको. खिडकी नसेल तर एक्झॉस्ट पंखा लागतोच. पर्स अडकवायला खुंटी आणि झाकणाची कचरापेटी हवी. या दोन गोष्टी पुरुषांनी काढलेल्या नकाशात का नसतात की!

आता मुद्द्याचं. शहापूरच्या जुन्या घरांत संडास पार मागं, आणि साफ करणारा मागच्या बोळातून यायचा. टोपलीचे संडास बंद करायचा कायदा १९९३ चा, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. आता संडास हॉलपर्यंत आला, सुगंधी झाला. पण ती खोली रोज घासणारी मावशी ती वापरते का? मी एका घरात विचारलं. मावशी मालकिणीकडं बघत म्हणाल्या, “नगं ओ, मी घरलाच जातो.” घर अनगोळला. सकाळी सातला निघायचं, चार घरची कामं, परतायला दोन. मधे पाणी कमी प्यायचं, हा त्यांनी काढलेला उपाय. दोन-दोनदा लघवीचा त्रास झाला, औषधाला पैसे गेले. मालकीण वाईट नाही. तिनं “वापरू नका” असं कधी म्हटलं नाही. “वापरा” असंही म्हटलेलं नाही.

त्याच घरातल्या आजोबांचे गुडघे गेलेत. हॉलमधून ही खोली आठ पावलांवर, तरी ते आतल्या बाथरूमला जातात, कारण पाहुण्यांच्या खोलीत धरायला दांडी नाही. दांडीनं ‘लुक’ जातो म्हणे!

म्हणजे खोली दिवसचे दिवस कोरडी. एप्रिलमध्ये जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट दिवाणखान्यात येतो. मग महागड्या मेणबत्त्या लावतात. खरं म्हणजे आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतलं तरी वास थांबतो. त्या घरात ते मावशीच ओततात, शनिवारी, निघायच्या आधी.