टक्केवारीची बखर

आपण सगळी कट-ऑफवर पोसलेली माणसं. अकरावीची यादी लागली, शेवटचा आकडा पाहिला, की पोराचा नंबर लागणार की नाही ते कळतं. आयआयटीचंही तसंच. कुठल्या शाखेचा प्रवेश कितव्या क्रमांकाला बंद झाला, ते 'जोसा' फेरीनिहाय जाहीर करते. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांकडे पाहतानाही आपली नजर तोच आकडा शोधते, आणि तिथे कट-ऑफ नसतोच! मग आपण त्या जागी प्रवेशाचं प्रमाण बसवतो. शंभर अर्जांत ४ जणांना प्रवेश, म्हणजे आपल्या मुलीला ४ टक्के संधी. हे गणित मला मुळीच पटत नाही.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो, त्याची लेक यंदा अर्ज करते आहे. एका सल्लागाराने (फी डॉलरमध्ये, भरभक्कम) दिलेला तक्ता त्याने मला पाठवला, "काका, बघा जरा" म्हणून. विद्यापीठांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे टक्के आणि गुण. कुठल्या वर्षाचे, कुणी मोजले, काही पत्ता नाही. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला ही बखर आहे एवढं लगेच कळतं. राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या काळातली पत्रं छापली, तेव्हा बखरींवर किती तुटून पडले होते ते! अस्सल कागद आणा, हाच आग्रह.

अस्सल कागद इथेही आहे. त्याचं नाव 'कॉमन डेटा सेट'. बरीच विद्यापीठं तो दरवर्षी एकाच नमुन्यात भरून आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातला 'सी' विभाग उघडावा. अर्ज किती आले, प्रवेश किती जणांना देऊ केला, दाखल किती झाले, प्रतीक्षायादीतून किती घेतले, सगळं ओळीने असतं. हा ऐच्छिक. पण सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या संस्थांना 'आयपेड्स'कडे आकडे द्यावेच लागतात. दोन्ही ताडून पाहावेत.

अर्थात अस्सल कागदातही लबाडी असते. एमरी विद्यापीठाने २०१२ साली कबूल केलं, की दाखल झालेल्या मुलांऐवजी प्रवेश देऊ केलेल्या (त्यातली हुशार पुढे दुसरीकडे गेलेली!) मुलांचे गुण ते कळवत होते. कोलंबियाचे आकडे २०२२ साली तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, तपासून चव्हाट्यावर आणले आणि क्रमवारीत दुसरं असलेलं विद्यापीठ अठरावं झालं. घरचा माणूस बोलला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि आकडा खरा असला तरी त्याच्या पोटात काय आहे? हार्वर्डवरच्या खटल्याची सुनावणी २०१८ साली झाली, तेव्हा कळलं की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशाचं प्रमाण सुमारे ३३ टक्के होतं, इतरांना सुमारे ६. कोर्टाची पायरी चढल्याशिवाय हे बाहेर आलं नसतं. गुणांचंही तेच. जिथे परीक्षा ऐच्छिक, तिथे चांगले गुण असलेलेच ते कळवतात, म्हणून सरासरी फुगते. किती टक्के मुलांनी गुण कळवले, हे त्याच 'सी' विभागात असतं. ते आधी पाहावं.

पुतण्याचा खरा पेच निराळाच आहे. 'अर्ली डिसिजन'चा अर्ज साधारण १ नोव्हेंबरपर्यंत करायचा, आणि मिळाला तर तिथेच जायचं. सल्लागार म्हणतो, त्यात प्रमाण दुप्पट. असेल. पण त्या गटात आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. आपली पोर त्यात बसली म्हणून तिची संधी दुप्पट होत नाही. शिवाय दुसऱ्या विद्यापीठाने आर्थिक मदत किती दिली असती, हे ताडून पाहायची सोय जाते. खर्च किती येईल याचा अंदाज देणारं गणकयंत्र तिथल्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर असतं. "आधी ते भर, मग सही कर," असं मी त्याला कळवलं आहे.

पुण्या-नाशकाहून थेट अर्ज करणाऱ्यांनी तर एकूण टक्केवारी बाजूलाच ठेवावी. एमआयटी परदेशी अर्जदारांचा आकडा वेगळा देते. अलीकडच्या वर्षांत एकूण प्रमाण ५ टक्क्यांच्या आत, तर परदेशी मुलांचं २ टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यांच्या पानावर असा वेगळा आकडा दिसत नाही, त्यांच्या प्रवेश कार्यालयाला सरळ ई-मेल करून विचारावा.