तिकिटावरचे तास : मुंबई ते लंडन

लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला एकट्याच निघालात ना? मग डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले की तिकीट नीट वाचा. सुटण्याची वेळ मुंबईची असते, पोचण्याची लंडनची. समजा, हिवाळ्यात थेट विमान दुपारी दीडला सुटून संध्याकाळी सहाला पोचणार आहे. साडेचारच तास? छे! लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्या साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात साडेचार), म्हणजे बसायचं पुरे दहा तास! हवाई अंतरच मुळी सुमारे ७,२०० किलोमीटर. परतीला वारा पाठीशी असतो, बहुधा तासभर वाचतो.

मधुमेहाचं औषध घड्याळावर घेणाऱ्यांची गफलत होते ती इथेच. तिथे संध्याकाळचे सहा, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा! रात्रीची गोळी, इन्शुलिन कधी घ्यायचं, ते आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. औषधं नि ती चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, वाटेत हाती लागत नाही. बसून बसून पाय सुजतात, तेव्हा अधूनमधून उठून चार पावलं टाका. शेजारचा झोपला असला तरी खुशाल उठवा त्याला!